दोन भाषा आपोआप आल्या, मग पुढची का अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात लहानपणापासून मराठी आणि तेलुगू, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. कॉलेजपासून भाषांचं वेड. जर्मनची बी१ (मधल्या पातळीची) परीक्षा दिली, पुढे जर्मनच सुटली. जपानी एन४पर्यंत आली (जपानीच्या परीक्षेत एन५ सर्वांत खालची पायरी, एन१ सर्वांत वरची) आणि तीन वर्षं तिथेच रुतून बसली आहे. मध्येच स्पॅनिश सुरू केली, तीन महिन्यांत बंद. आता वय ३८. 'दोन भाषा आपोआप आल्या, मग पुढच्या का अडतात? हा खरा ध्यास की नुसती हौस? आणि एका माणसाला खरोखर किती भाषा येऊ शकतात?'

मी सत्तावीस वर्षं जपानी आणि जर्मनमधून दुभाषी व अनुवादक म्हणून काम करते आहे, मधली काही वर्षं शिकवलंही. माझं घरही दोन भाषांचं होतं. वडील मराठी, आई कन्नड. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला वैताग मला चांगलाच ओळखीचा आहे.

सुरुवात 'आपोआप' या शब्दापासून करते, कारण सगळी गडबड तिथे आहे. लहान मूल दिवसाला दहा तास भाषा ऐकतं, बोलतं असं धरा. पाच वर्षांत अठरा हजारांहून जास्त तास होतात. दोन भाषांत वाटले तरी प्रत्येकीच्या वाट्याला नऊ हजार. एवढं होऊनही ते मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं, गोष्ट सांगता सांगता हरवतं, आणि वाचायचं म्हटलं तर अक्षरओळखीपासून तयारी. तरी त्याची प्रगती मंद आहे असं कुणी म्हणत नाही. आता तुमची जपानी घ्या. आठवड्याला चार तास आणि चार वर्षं धरली तरी बेरीज साडेआठशे तासांच्या आतच राहते.

तुमच्यामाझ्यासारख्यांना दोन भाषा असण्याचा अनुभव असतो. भाषा शिकण्याचा अनुभव मात्र नसतो, कारण ती शिकत होतो तेव्हा आपण हजर होतो पण साक्षीदार नव्हतो. चुका केल्याचं आठवत नाही, शब्द न सापडून रडल्याचं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पाहुणे आले की 'हिला दोन्ही भाषा येतात हो' असं कौतुक व्हायचं. मग मोठेपणी तिसरी भाषा हाताला लागत नाही तेव्हा आपल्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. एकभाषिक घरातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हा त्रास कमी व्हायचा. त्यांना मुळातच वाटत असायचं की हे अवघड असणार. द्विभाषिक विद्यार्थी सुरुवातीला भराभर पुढे जायचे आणि सहा-आठ महिन्यांनी अचानक गळायचे.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते आईमुळे. ती लग्नानंतर मराठी शिकली, आयुष्यभर घडाघडा बोलली, पण 'तो खुर्ची' आणि 'ती पुस्तक' शेवटपर्यंत सुटलं नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष करत बसत नाहीत, सगळं 'अदु', म्हणजे 'ते'. मी पाच-सहा वर्षांची असताना तिला दर वाक्याला दुरुस्त करायची. घरातले हसायचे, तीही हसायची. पुढे सव्विसाव्या वर्षी मी जर्मन शिकायला बसले. तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मराठी माणसाला तीन लिंगं नवी नाहीत. 'मुलगी'ला जर्मनमध्ये नपुंसकलिंग आहे म्हणून इंग्रजी बोलणारे डोक्याला हात लावतात, पण आपल्याकडे 'ते मूल', 'ते पोरगं' आहेच की. तरीही कुठल्या वस्तूला कुठलं लिंग, हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंनी एका तासात सातव्यांदा 'डेर नाही, दास' (पुल्लिंगी नाही, नपुंसकलिंगी) म्हणून टोकलं तेव्हा मला एकदम 'तो खुर्ची' ऐकू आलं. आई तीस वर्षं काय करत होती ते मला त्या दिवशी कळलं. माझी कन्नड आणि मराठी हा माझा पराक्रम नव्हता. शिकली होती ती.

म्हणजे दोन भाषांत वाढल्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि बराच आहे. फक्त आपण तो चुकीच्या जागी शोधतो. शब्द लवकर पाठ होतील, उच्चार सहज जमतील, असलं काही हमखास होत नाही. मिळते ती एक खोड: एकच गोष्ट दोन प्रकारे सांगता येते हे आपण न शिकता जाणतो, म्हणून भाषेची शिवण आपल्याला दिसते.

उदाहरण देते. मराठीत आपण 'करून बघ' म्हणतो. यात बघायचं काहीच नसतं, प्रयत्न करायचा असतो. माझी आई 'माडि नोडु' म्हणायची, तुमच्या घरी 'चेसि चूडु' म्हणत असतील. तिन्हींत अगदी तेच: करून, बघ. जपानीच्या वर्गात एक दिवस 'शिते मिरु' हा प्रयोग आला. 'शिते' म्हणजे करून, 'मिरु' म्हणजे बघणे. पुस्तकात त्यावर पानभर स्पष्टीकरण होतं, कारण पुस्तक इंग्रजी वाचकासाठी लिहिलेलं. मला ते एका ओळीत कळलं. पुढच्या धड्यात 'शिते ओकु' आलं, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'करून ठेव', कन्नडमध्ये 'माडिडु'. मग 'वासुरेते शिमात्ता', ज्याला आपण 'विसरून गेले' किंवा 'विसरून बसले' म्हणतो, त्याच पश्चात्तापाच्या सुरात. त्या आठवड्यात मी जपानीच्या प्रेमात पडले ते आजतागायत. वाक्याचा कर्ता गाळायचा, क्रियापद शेवटी टाकायचं, शब्दाच्या मागे प्रत्यय लावायचे, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. व्याख्यान चालू असताना जपानीतून इंग्रजी करायचं तर क्रियापदाची वाट बघत वाक्य तोंडात धरून ठेवावं लागतं. जपानीतून मराठी करताना दोन्ही गाड्या एकाच रुळावरून धावतात.

(अडचण दुसरीकडे येते. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. कागदावर नुसतं आडनाव आणि 'आले' असेल, तर मराठीत 'आले' लिहू की 'आल्या'? अशा वेळी मी 'येऊन पोहोचले आहेत'च्या ऐवजी 'येत आहेत', 'येणार आहेत' असली लिंग लपवणारी रूपं शोधत बसते. या एका गोष्टीवर मी आयुष्यातले किती तास घालवले याचा हिशोब न ठेवलेला बरा.)

तुमच्याकडे तर आणखी एक भांडवल आहे. मराठीतलं 'आपण' आणि 'आम्ही' तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु' म्हणून येतं. आजच्या कन्नडमध्ये हा भेद उरलेला नाही, 'नावु'वर भागतं. इंडोनेशियन भाषेत 'किता' म्हणजे आपण, 'कामी' म्हणजे आम्ही. इंग्रजीवाल्याला तो भेद समजून घ्यावा लागतो, तुम्हाला फक्त दोन नवे शब्द पाठ करायचे आहेत. अशा जागा प्रत्येक भाषेत सापडतात. जर्मन एकवीस म्हणताना 'एक आणि वीस' म्हणते, आपल्यासारखीच आधी एकं मग दहं. लॅटिनमध्ये एकोणीसला 'वीसला एक कमी' म्हणतात, आणि आपलं 'एकोणीस' तरी दुसरं काय आहे? जपानी 'काना' लिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेला. आपल्या वर्णमालेचीच ती लांबची पुतणी.

उच्चारांत मात्र दोन भाषा असलेला माणूस जास्त फसतो, कारण त्याला वाटतं आपला कान तयार आहे. कान तयार असतो तो त्या दोन भाषांपुरता. मराठीत 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळे आहेत. त्यातला पहिला जर्मन 'झेड' अक्षरासाठी आणि जपानी 'त्सुनामी'साठी आयता मिळतो. मँडरिन चिनी शिकणारे रोमन लिपीतला 'बी' पाहून ब म्हणतात. तिथे खरा ब नाहीच, आहेत ते प आणि ओठ मिटून म्हटलेला फ. ही जोडी आपली वर्णमाला हजारो वर्षं वेगळी लिहीत आली आहे. उलट बाजूने पाहा: इ-ई आणि उ-ऊ आपण लिहिताना वेगळे लिहितो, बोलताना त्यांची लांबी शब्दातल्या जागेवर ठरते, अर्थ सहसा बदलत नाही. जपानीत बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, आणि मधला आ लांबवला की आजी. माझ्या पहिल्याच वर्षात मी पन्नाशीच्या एका बाईंना बैठकीत सगळ्यांसमोर आजी करून टाकलं. त्या हसल्या. मी महिनाभर तोंड उघडलं नाही.

गंमत म्हणजे हाच ऱ्हस्व-दीर्घ भेद, ओकारासाठी, माझ्या कन्नडमध्ये होता. 'कोडु'तला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. लहानपणी मी तो बिनचूक बोलायची, पण आपण असं काही करतो याची मला खबरच नव्हती, कारण देवनागरीच्या नेहमीच्या लिखाणात आखूड ओसाठी वेगळी खूण नसते. तेविसाव्या वर्षी कन्नड लिपी शिकले तेव्हा दोन वेगळी अक्षरं दिसली आणि मी जे करत होते ते मला पहिल्यांदा कळलं. तेलुगूतही असेच ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता अडण्याकडे वळू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती स्पॅनिश यायला वर्गाचे सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला सुमारे २२०० तास, असा तिचा अनुभवाचा अंदाज. शिवाय घरी करायचा अभ्यास वेगळा. तुमची-माझी वाक्यरचना जपानीच्या जवळची म्हणून थोडी सूट घ्या, पण रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २१३६ कांजींना, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरचिन्हांना, ती सूट चालत नाही. रोज अर्धा तास या वेगाने २२०० तासांना बारा वर्षं लागतात. तुम्ही चौथ्या वर्षी एन४वर आहात म्हणजे मागे पडलेले नाही, वेळेवर आहात. गाडी पॅसेंजर आहे एवढंच.

तरीही 'काहीच पुढे सरकत नाही' असं वाटतं, आणि त्याला कारण आहे. इंग्रजीवर झालेल्या मोजणीत असं दिसलं की सर्वांत जास्त वापरले जाणारे दोन हजार शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) साधारण लेखनाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग व्यापतात. पण कादंबरी विनासायास वाचायची तर आठ-नऊ हजार लागतात. इतर भाषांत आकडे थोडे हलतील, चित्र तेच राहतं. पहिल्या वर्षी शिकलेला प्रत्येक शब्द दिवसातून दहादा भेटतो, म्हणून प्रगती डोळ्यांना दिसते. एन४ किंवा बी१नंतर शिकलेला शब्द पंधरा दिवसांनी एकदा भेटतो, तोवर तो विसरलेला असतो. मेहनत तेवढीच असते, पण फळ पसरून जातं. नेमक्या याच ठिकाणी माणूस नवी भाषा सुरू करतो. तुमची स्पॅनिश ही स्पॅनिशची ओढ नव्हती, जपानीतून काढलेली पळवाट होती असं मला वाटतं. रागावू नका, माझ्याकडेही रशियन, अरबी आणि पोर्तुगीज अशा तीन पळवाटा आहेत.

त्यांचा मला पश्चात्ताप नाही. पोर्तुगीजच्या दोन महिन्यांत 'चावी', 'बटाटा' आणि 'पगार' कुठून आले ते पोर्तुगीज शब्दांत डोळ्यांनी पाहिलं, तेवढ्याने पैसे वसूल झाले. हौस की ध्यास, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. प्रत्येक भाषेचे पहिले तीन महिने गोड असतात आणि ते गोड म्हणून चाखायला हरकत नाही. फक्त त्यांना 'भाषा शिकतोय' म्हणू नका, म्हणजे ते सुटल्यावर अपयशही वाटणार नाही.

हा पठाराचा, म्हणजे चढ दिसेनासा होण्याचा, भाग ओलांडायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: विषय अरुंद करायचा. माझ्या पहिल्या नोकरीत मला दोन वर्षं फक्त पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या माहितीपुस्तिका वाचाव्या लागल्या. तेव्हा जिवावर आलं होतं. पण तेच दोन-तीनशे शब्द दर पानावर फिरून फिरून यायचे, आणि त्यांच्या आजूबाजूचं व्याकरण नकळत पक्कं होत गेलं. वर्तमानपत्रात आज निवडणूक, उद्या भूकंप, परवा शेअर बाजार. तिथे शब्द परत भेटतच नाहीत. म्हणून 'जपानी वाचायला लागा' असा मोघम सल्ला मी देत नाही. मराठीत तुम्ही ज्या विषयावर काहीही मिळालं तरी वाचता, सायकल असो, बुद्धिबळ असो, मांजरं असोत, तो एकच विषय घ्या आणि सहा महिने त्याच्या बाहेर जाऊ नका. एकाच लेखकाची एकापाठोपाठ पुस्तकं वाचली तरी तोच परिणाम होतो, प्रत्येकाचे लाडके शब्द ठरलेले असतात.

बोलण्यासाठी दुभाष्यांच्या शिक्षणातला एक व्यायाम सांगते. कानात रेकॉर्डिंग लावायचं आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, सावलीसारखं, ऐकू येईल ते मोठ्याने म्हणत जायचं. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, चालीकडे द्यायचं. दहा मिनिटांत दमायला होतं, आणि दहा मिनिटं पुरे. समोर कुणी समजणारं हवं असंही नाही. ट्रॉय खणून काढणारा हाइनरिख श्लीमान रशियन शिकताना रोज संध्याकाळी एका माणसाला पैसे देऊन समोर बसवायचा आणि पाठ केलेले उतारे त्याला ऐकवायचा. त्या माणसाला रशियनचा गंध नव्हता. श्लीमानच्या आरडाओरड्यामुळे शेजारी वैतागले आणि त्याला दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. बढाया मारण्याची त्याला सवय होती, पण ही गोष्ट मला खरी वाटते. मोठ्याने म्हटल्याशिवाय तोंडाचे स्नायू शिकत नाहीत.

ॲप आणि कार्डांबद्दल थोडक्यात. विसरण्याआधी उजळणी करायची, हे तत्त्व बरोबर आहे. कार्डांचे खण करून ते वापरायची पद्धत सेबास्टियान लाइटनरने १९७२ साली लोकप्रिय केली आणि आजची बरीच ॲप त्याच कल्पनेवर चालतात. कार्डावर सुटा शब्द लिहू नका, तुम्ही कुठेतरी वाचलेलं आख्खं वाक्य लिहा. दिवसाला पंधरा मिनिटांच्या वर देऊ नका. सलग हजेरीचे दिवस मोजणाऱ्या ॲपबद्दल माझं मत फारसं बरं नाही, तिथे भाषा राहते बाजूला आणि हजेरी जपली जाते.

आता 'विसरलो'बद्दल. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला, तो सगळे दाखवतात. त्यातली दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात. तो मोजत होता बचत: विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते. एकही अक्षर आठवत नाही असं वाटत असतानासुद्धा बचत उरलेली असायची. तुमची जर्मन मेलेली नाही, झोपली आहे. माझी जर्मन अशी दोनदा झोपली, एकदा चार वर्षं. दुसऱ्यांदा उठवायला जेमतेम पाच आठवडे लागले.

किती भाषा येऊ शकतात याचं उत्तरही इथेच आहे. आमच्या व्यवसायात 'येते' असं मोघम बोलत नाहीत. अ भाषा म्हणजे जिच्यात तुम्ही घरच्यासारखे वावरता. ब भाषेत तुम्ही काम करता, पण ती तुमची नाही. क भाषा नुसती समजते, तिच्यातून दुसरीकडे आणता, तिच्यात बोलत नाही. क असणं कमीपणाचं नाही, पुष्कळ उत्तम दुभाषे अनेक क भाषांवर आयुष्य काढतात. हंगेरीची काटो लोम्ब (१९०९ ते २००३) सोळा भाषांमधून पैसे कमावत असे. शिक्षणाने ती रसायनशास्त्राची. भाषा बऱ्याचशा कादंबऱ्या वाचत वाचत शिकली. पण हिशोब तिने प्रामाणिक मांडला आहे: पाच भाषा कायम जाग्या, आणखी पाच वापरायच्या तर अर्धा दिवस उजळणी हवी, उरलेल्या सहा अनुवादापुरत्या. सोळा भाषा जिच्या नावावर, तिच्याही जाग्या पाचच. माझ्या विचाराल तर मराठी अ, इंग्रजी आणि जपानी ब, जर्मन क. कन्नड या चौकटीत बसत नाही. कन्नडमध्ये मी भांडू शकते, करार वाचू शकत नाही.

भाषांची सरमिसळ होते ही तक्रार तुम्ही केली नाहीत, पण होत असणार. जर्मन बोलताना अडलं की मराठी शब्द येत नाही, जपानी येतो. डोक्यात 'परकी भाषा' असा एक कप्पा असावा आणि हात घातला की जे वर असेल ते निघावं, असा तो प्रकार. म्हणून एक भाषा निदान बी२च्या आसपास जाईपर्यंत दुसरी सुरू करू नये, आणि स्पॅनिश-इटालियनसारख्या जुळ्या बहिणी तर एकत्र कधीच नाही.

वयाची भीती सोडा. २०१८ साली सुमारे पावणेसात लाख लोकांच्या ऑनलाइन चाचणीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्याकरण मातृभाषकाइतकं आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठराव्या वर्षानंतर घसरू लागते असं दिसलं. म्हणजे तुम्हाला जपानी माणूस होता येणार नाही. होऊन करायचंय काय? विनोबा १९४२ नंतर वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या भाषा शिकले तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. आणि स्मृतिभ्रंश टळावा म्हणून भाषा शिकत असाल तर जरा जपून. हैदराबादच्या ६४८ रुग्णांवरच्या २०१३च्या अभ्यासात द्विभाषिकांना तो सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला, हे खरं. पण ती माणसं दोन भाषांत जगत होती, रोज पंधरा मिनिटं ॲप उघडत नव्हती. आणि इतरत्र झालेल्या सगळ्याच अभ्यासांत तसा फायदा दिसलेला नाही.

एक प्रसंग सांगते, कारण इतक्या वर्षांत दोन घरच्या भाषांनी मला खरं काय दिलं ते त्यात आहे. एका बैठकीत जपानी पाहुण्यांनी प्रस्ताव ऐकला आणि 'केन्तो शिमासु' म्हणाले. शब्दशः, 'आम्ही याचा अभ्यास करू.' मी इंग्रजीत तसंच सांगितलं. समोरची मंडळी खूश झाली, पुढच्या तारखा विचारू लागली. पाहुणे गप्प. माझ्या डोक्यात तेव्हा मराठी शब्द आला: 'बघू.' आपल्याकडे कुणी 'बघू' म्हटलं की आपण काय समजायचं ते समजतो. माझं इंग्रजी भाषांतर शब्दाला बरोबर होतं आणि अर्थाला चूक. तेव्हापासून मी दोन परक्या भाषांमध्ये काम करत असले तरी मनात आधी वाक्य मराठीतून किंवा आईच्या कन्नडमधून फिरवून बघते. पुष्कळदा गाठ तिथे सुटते.

तर आता काय करायचं. स्पॅनिश सोडून द्या. जर्मन झोपू द्या, वर्षातून एकदा पंधरा दिवस एखादं पुस्तक वाचून ती श्वास घेते आहे ना एवढं बघा. आधी तेलुगू लिपी शिका. वर्णमालेचा क्रम तुम्हाला येतोच आणि शब्द तर घरचे आहेत, महिनाभरात अडखळत वाचायला लागाल. मी वर म्हटलेले ते दोन ए आणि दोन ओ तिथे भेटतील. शिकण्याचा जो अनुभव लहानपणी तुमच्या हातून निसटला, तो स्वतःच्याच भाषेत डोळे उघडे ठेवून एकदा घ्या. वर्षअखेरीपर्यंत रोज एक पान तेलुगू मोठ्याने वाचा.

त्यानंतर जपानी. जिथे थांबलात तिथून नको, त्याच्या पाच धडे मागून सुरू करा, म्हणजे पहिले पंधरा दिवस सोपे जातील. मग तो एक अरुंद विषय, आणि रोज दहा मिनिटं सावलीचा व्यायाम. स्वतःचं एक रेकॉर्डिंग आजच करून ठेवा आणि सहा महिने ऐकू नका. एन३चा अर्ज मात्र एवढ्यात भरू नका. ती परीक्षा जुलै-डिसेंबरात होत राहील, आणि तिच्यात बोलायला लावतच नाहीत.